वळू पसंत आहे

स्टॅनमोर, शुक्रवार

वळू पाहायला जाताना बरोबर काय न्यावे, याचा अनुभव स्टॅनमोरमधल्या आमच्या ओळखीच्या कुठल्याच मराठी घराला नव्हता. डॉ. अच्युत यांनी मायक्रोस्कोप, हातमोज्यांचा खोका आणि शिंप्याची मोजपट्टी घेतली. त्यांच्या पत्नी विद्यावहिनी यांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि चहाचे दोन थर्मास घेतले. मला नेण्यामागे वेगळे कारण होते.

डॉक्टर आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. ज्या जोडप्यांना मूल होत नाही त्यांतल्या पुरुषांना तपासणे, हे त्यांचे लंडनमधले आयुष्यभराचे काम. त्यांची मुलगी मृणाल हॅरोत जन्मली, अकाउंटन्सी शिकायला ग्लासगोला गेली आणि कॅलम नावाच्या शेतकऱ्याशी लग्न करून स्कॉटलंडमध्येच राहिली. डम्फ्रीजजवळ त्यांचे मांसासाठीच्या गुरांचे फार्म आहे. २००१ च्या लाळ-खुरकताच्या साथीत त्यांचा सगळा कळप सरकारी आदेशाने मारला गेला. त्यांनी नव्या गाई घेतल्या आणि एक देखणा वळू घेतला. वर्षभराने निम्म्या गाई रिकाम्या निघाल्या. दोष गाईंचा नव्हता. रिकामी गाय चारा तितकाच खाते आणि वासरू देत नाही. आणखी एक वर्ष असे गेले तर गाई विकायच्या आणि कॅलमने ग्लासगोत नोकरी धरायची, असे दोघांनी ठरवले होते. म्हणून २००३ च्या मे महिन्यात मृणालचा फोन आला.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच तर केलं ना? मग या आणि बघा ना एकदा. व्हेट सांगतो ते मला अर्धंच कळतो."

"मृणाल, माझे पेशंट बोलतात. त्यांना काय होतंय ते सांगतात."

"हा नाही बोलणार. दॅट्स ईझियर, बाबा."

डॉक्टर तयार झाले, पण एका अटीवर. ब्रिटिश हॉस्पिटलात रुग्णाची नाजूक जागा तपासताना तिसरी व्यक्ती हजर ठेवतात. तिला शॅपरोन म्हणतात. डॉक्टरांनी हा नियम कधी मोडला नव्हता आणि वळूसाठी मोडण्याचे त्यांना कारण दिसत नव्हते. वहिनींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी? शी! भावजींना न्या." याप्रमाणे माझी नेमणूक झाली.

एम सिक्स

मोटरवेचे वर्णन करण्यासारखे काही नाही. दुपारी एका सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये आम्ही दशम्या खाल्ल्या. आत रेस्टॉरंट होते, पण घरचे असताना बाहेरचे घेणे वहिनींना मान्य नाही. इंग्लंडात तीन दशके राहूनही या बाबतीत त्यांचे मन वळलेले नाही.

मृणालने डॉक्टरांना प्राथमिक माहिती फोनवर दिली होती. चांगल्या वळूचे वृषण हाताला घट्ट आणि लवचीक लागले पाहिजे, दंड आवळल्यावर लागतो तसे. मऊ लागले तर नको. डॉक्टरांनी तिथेच सराव सुरू केला. आधी त्यांनी स्वतःचा दंड दाबला, मग माझा.

"आवळा," ते म्हणाले.

"आवळलाय," मी म्हणालो.

डॉक्टर शेजारच्या ट्रकच्या चालकाकडे पाहू लागले. तो अर्ध्या बाह्यांच्या बनियनमध्ये सँडविच खात होता. त्याचे दंड खरोखर पाहण्यासारखे होते.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "गाडीत बसा."

डम्फ्रीजजवळ, शुक्रवार संध्याकाळ

फार्म टेकडीच्या उतारावर आहे. हिरवळ खालच्या ओढ्यापर्यंत जाते आणि पलीकडे पुन्हा वर चढते. मे संपत आला होता, तरी वाऱ्यात कानटोपी लागत होती. कुरणात काळ्या गाई होत्या. वहिनींनी त्यांची नावे विचारली. नावे नव्हती, कानातल्या पट्टीवर नंबर होते.

"नंबरानं हाक मारली तर येते का ती?"

"बादली दिसली की येते, आई."

कॅलम उंच, लाल केसांचा आणि मितभाषी आहे. सासूबाई शाकाहारी म्हणून त्याने गावच्या बेकरीतून मॅकरोनी पाय आणले होते. हा स्कॉटलंडचा खास पदार्थ. कणकेच्या वाटीत चीज घातलेली मॅकरोनी भरून भाजतात, म्हणजे पिठात पीठ. वहिनींनी त्याला शेंगदाण्याची चटणी लावली. कॅलमनेही लावली आणि नंतर चटणीचा डबा स्वतःकडे ओढून ठेवला. ही गुरे पुढे कुठे जातात, हा विषय त्या टेबलावर निघत नाही. घरात तसा करार आहे: गाईबद्दल बोलायचे ते ती जिवंत असेपर्यंतचे.

जेवणानंतर मृणालने वडिलांची शिकवणी घेतली.

"आधी पाय, बाबा. नमुना कितीही चांगली असू दे, त्याचे मागचे पाय दुखत असेल तर तो हिल चढून गाईकडे जाणारच नाही."

डॉक्टरांनी विचार केला. "माझ्याकडचे लोक ट्यूबने घरी जायचे," ते म्हणाले. "हा मुद्दा कधी आला नव्हता."

"मग डोळे. त्याला लांबून गाय दिसायला पाहिजे. मग टेप. मग हातानं चेक. मग मायक्रोस्कोप. आणि फॅट नको. लास्ट टाइम आम्ही तिथेच फसलो. शोमध्ये जिंकलेला होता, असा गोल, शाइनी."

"खात्यापित्या घरचा असेल," वहिनी म्हणाल्या.

"आई, तिथे खाली चरबी साठली ना, की सगळं गरम राहतं. गरम राहिलं की संपलं."

"हे मात्र माणसासारखंच आहे," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसात प्रथमच ते निश्चिंत दिसले.

जॅनेटचे फार्म, शनिवार

कॅलमची एक गाय सकाळी विणार होती, म्हणून तो घरी थांबला. आम्ही चौघे पलीकडच्या दरीत जॅनेटकडे गेलो. जॅनेट अँगस जातीचे वळू वाढवून विकते. वय साठीचे, आवाज सार्वजनिक. फाटकापाशी जंतुनाशकाचे तसराळे होते. साथीपासून त्यात पाय बुडवल्याशिवाय कोणी कोणाच्या फार्मवर जात नाही. वहिनींनी सलवार घोट्याच्या वर धरून दोन्ही पाय बुडवले आणि सवयीने, तीर्थाचे लावतात तसे, ते पाणी डोळ्यांना लावायला निघाल्या. मृणालने मनगट धरले.

त्या सकाळी व्हेट, म्हणजे गुरांचा डॉक्टर, तपासणीला आला होता. विक्रीचे वळू चार होते. दुपारी गिऱ्हाईक येणार होते आणि या भागात निवडीचा क्रम फोनच्या क्रमाने लागतो. मृणालचा फोन दुसरा होता. पहिला सँडी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. चारपैकी दोन वळू व्हेटने बाद केले: एकाचे खूर वाकडे, दुसऱ्याचे मोजमाप कमी. जॅनेटने दोघांच्या कपाळावर जाड खडूने लाल रेघ ओढली. अँगस काळा कुळकुळीत असतो, लाल रेघ अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. तिच्याकडे लाल म्हणजे नापास, आणि हे दरीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उरले दोन. मोनार्कने दोन प्रदर्शनांत बक्षिसे मिळवली होती. पाठ टेबलासारखी सपाट, मान जाड, अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी. दुसरा एरिक. त्याच्या बरगड्या बेताने जाणवत होत्या. त्याला कुठेच बक्षीस नव्हते.

वळूला तपासणीसाठी लोखंडी पिंजऱ्यात उभा करतात. मोनार्क आत आला तेव्हा डॉक्टर त्याच्या तोंडासमोर गेले.

"गुड मॉर्निंग. मी डॉक्टर अच्युत. आज मी तुम्हाला तपासणार आहे. हे माझे शॅपरोन."

मी मान लववली. व्हेटने जॅनेटकडे पाहिले.

"इथे पडदा मिळेल का?" डॉक्टरांनी विचारले. पडदा नव्हता. त्यांनी जॅनेटला विचारले, "आपण नातेवाईक?"

"मी त्याला माझ्या हातांनी ओढून जन्माला घातलाय," जॅनेट म्हणाली.

"मग थांबा."

डॉक्टरांनी हात चोळून गरम केले, मोजे घातले आणि मागच्या फटीतून काम सुरू केले. मोजपट्टीचा आकडा मोठा आला. वहिनी पाठ फिरवून उभ्या होत्या, त्यांनी तिकडूनच "छान" म्हटले. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. वरच्या बाजूला चरबीचा थर होता आणि मोजमाप त्यामुळे फुगले होते. हाताला लागायला हवा तो घट्टपणा कमी होता. व्हेटने हेच नोंदवले होते: पास, पण काठावर.

"वजन उतरवायला हवं," डॉक्टर मोनार्कला म्हणाले. "चाला. आणि गरम पाण्याच्या टबात बसू नका."

मोनार्कने शेपूट उचलली. डॉक्टर निष्णात आहेत, पण त्यांच्या रुग्णांना शेपूट नसे. या हालचालीचा अर्थ त्यांना उशिरा कळला. पुढची तपासणी त्यांनी जॅनेटच्या दिवंगत नवऱ्याच्या ओव्हरऑलमध्ये केली.

एरिकच्या वेळी ते आधी मागचे पाय बघायला विसरले नाहीत. एरिक अंगणात दोनदा सरळ चालला. मागचा खूर पुढच्याच्या ठशावर पडत होता. मोजमाप मोनार्कपेक्षा थोडे कमी, पण चरबीविना. डॉक्टरांनी हाताने तपासले, मग स्वतःचा दंड आवळून दाबला, मग पुन्हा तपासले.

"याचंच जास्त घट्ट आहे," ते मला म्हणाले. ही माहिती साक्षीदार म्हणून मी नोंदवत आहे.

नंतर व्हेटने घेतलेला नमुना मायक्रोस्कोपखाली ठेवला. मायक्रोस्कोप दुधाच्या क्रेटवर होता, डॉक्टर चाऱ्याच्या गठ्ठ्यावर वाकून बसले होते. ते डोळा लावून फोकस फिरवत राहिले. मृणाल हाताची बोटे मोडत उभी होती.

"बाबा?"

"ये. बघ."

तिने डोळा लावला. मीही नंतर पाहिले. वादळात ढग एकमेकांत शिरून घुसळतात तसे दिसत होते.

"असा रिपोर्ट हातात असला की मी पेशंटला आधी चहा द्यायचो," डॉक्टर म्हणाले. "हाच."

मृणाल आणि जॅनेट व्हेटला फाटकापर्यंत सोडायला गेल्या. गोठ्यात डॉक्टर, वहिनी आणि मी राहिलो. वहिनींनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. "हाच" हा शब्द त्यांनी ऐकला होता आणि त्यांच्या लेखी गोष्ट ठरली होती. ठरले की कुंकू लावायचे. त्यांनी मृणालच्या ट्रॅक्टरलाही लावले आहे. एरिकच्या कपाळावर त्यांनी चांगले ठसठशीत उभे बोट ओढले आणि त्याच्यापुढे तळहातावर चिमूटभर साखर धरली. एरिकने साखर चाटली आणि पर्समध्ये आणखी आहे का ते पाहिले. आता कपाळावर लाल खूण असलेले वळू तीन झाले, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. कुंकू हा आमच्या दृष्टीने रंग नसतो.

सँडी

सँडी ठरल्या वेळेच्या आधी आला. डोक्यावर सपाट टोपी, हातात काठी, बरोबर कुत्रा. कुत्र्यानेही पाय बुडवले. मोनार्ककडे त्याने फारसे पाहिले नाही. तो एरिकच्या मागे गेला, गुडघ्यावर बसला आणि टोपी मागे सारून बराच वेळ वर बघत राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. मृणालचा उतरला होता.

मग तो पुढे आला आणि त्याला कपाळ दिसले.

"हा नापास?" तो म्हणाला. "वाईट झालं." आणि तो मोनार्ककडे वळला.

मृणालने कपाळ पाहिले, मग आईकडे पाहिले. ती गप्प राहिली असती तर काम झाले होते. जॅनेट किटली लावायला घरात गेली होती, सांगणारे दुसरे कोणी नव्हते. डॉक्टरांनी मुलीकडे पाहिले आणि काहीही सुचवले नाही. मृणालने खिशात हात घातले, बाहेर काढले.

"सँडी," ती म्हणाली. "तो नापास नाही. तो पास आहे. ते माझ्या आईनं लावलंय."

सँडी थांबला.

"आई, काय केलंस!" मृणाल मराठीत म्हणाली.

"अगं, ठरलं ना? ठरलं की लावतात."

"ठरलं नाही! पहिला चॉइस त्यांची आहे!"

"मग तसं आधी सांगायचं."

सँडी वहिनींच्या समोर आला. "बाई, वळूला लाल खूण तुम्ही केलीत?"

"हो."

"का?"

"चांगला आहे म्हणून."

सँडीने कुत्र्याकडे पाहिले. "तुम्ही वळूंच्या डॉक्टर?"

"मी नाही. हे."

"तुम्ही गुरांचे डॉक्टर?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पुरुषांचा."

सँडीने त्यांच्या ओव्हरऑलवरचे मृत शेजाऱ्याचे नाव वाचले. मग माझ्याकडे वळला. "आणि आपण कोण?"

"मी वळूचा शॅपरोन."

सँडीने टोपी काढली आणि पुन्हा घातली. जॅनेट चहा घेऊन आली. तिने कपाळ पाहिले, सगळे ऐकले आणि ट्रे पिंपावर ठेवून पोट धरून हसली. एरिक पास आहे, उत्तम पास आहे, आपण स्वतः तिथे उभ्या होतो, असे तिने सांगितले. सँडीने ऐकून घेतले, चहाचा घोट घेतला आणि काठीने जमिनीवर ठोका दिला.

"हे बघ, जॅनेट. तू विकणारी. ही पोरगी माझ्यामागून घेणारी. तिला हा वळू हवा असता तर ती गप्प बसली असती. तू म्हणतेस हा घे. ती म्हणते हा घे. तिची आई म्हणते हा घे, आणि त्या पुरुषांच्या डॉक्टरांनाही हाच आवडलाय. माझ्या सगळ्या आयुष्यात चार माणसं मिळून एकच जनावर माझ्या गळ्यात घालायला लागली, की मी दुसरं घेत आलोय."

"सँडी, मी खरं सांगते!" मृणाल म्हणाली.

"सांगतेस गं, छान सांगतेस," सँडी म्हणाला आणि जॅनेटच्या तळहातावर तळहात मारला. सौदा मोनार्कचा झाला.

डॉक्टरांना राहवले नाही. ते त्याच्या ट्रेलरपर्यंत गेले. "रोज चालायला न्या. खाणं कमी करा. वजन उतरलं तर काम चांगलं होईल."

"माझं की त्याचं?" सँडीने विचारले आणि तो गेला.

मृणाल पिंजऱ्याला टेकून उभी होती. वहिनी म्हणाल्या, "बघ. लावलेलं वाया जात नाही."

मृणालने एरिकच्या मानेला हात लावला आणि मग आईच्या.

डम्फ्रीजजवळ, रविवार

एरिकला कुरणात सोडले. इथे मतभेद झाले. आपण सगळ्यांनी घरात जावे, असे डॉक्टरांचे मत होते. त्यांच्या व्यवसायात नमुन्यासाठी स्वतंत्र खोली असते.

"बाबा, मला बघावंच लागतं. मायक्रोस्कोपमध्ये इच्छा दिसत नाही. काही बुल्स सगळ्यात पास होतात आणि नुसतं गवत खातात."

हे डॉक्टरांना पटले. बापलेक फाटकावर कोपरे टेकून उभे राहिले. कॅलम त्यांच्या शेजारी, मी एक पाऊल मागे, शॅपरोनच्या जागी. वहिनी कुरणाकडे पाठ करून टेकडी बघत होत्या. एरिकने मान वर करून हवा हुंगली. मग उतारावरच्या एका गाईकडे तो निघाला, घाई न करता, मागचा खूर पुढच्याच्या ठशावर टाकत.

"झालं का?" वहिनींनी विचारले.

"नाही, आई."

"नवीन आहे. लाजत असेल. तुम्ही असे टक लावून—"

"झालं," कॅलम मराठीत म्हणाला. हा शब्द त्याला केव्हापासून येत होता, ते कळले नाही. मृणालने कपाळ फाटकाच्या लोखंडावर टेकवले आणि खांदे सैल सोडले. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटले. तिकडे एरिक दुसऱ्या गाईकडे निघाला होता.

स्टॅनमोर, ऑक्टोबर

शरद ऋतूत गाईंची अल्ट्रासाउंड तपासणी होते. एकेक गाय पिंजऱ्यातून पुढे जाते आणि तपासणारा मोठ्याने सांगतो: गाभण किंवा रिकामी. त्या दुपारी मी डॉक्टरांकडे होतो. फोन सकाळीच येणार होता, तो आला नाही. वहिनींनी चहा केला, तो निवला. डॉक्टर एकाच वर्तमानपत्राचे एकच पान वाचत होते.

फोन वाजला तो वहिनींनी उचलला आणि काही न ऐकताच डॉक्टरांकडे दिला. पलीकडचे शब्द आम्हाला ऐकू आले नाहीत. डॉक्टर "हं" म्हणाले. पुन्हा "हं" म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला.

"एक राहिली," ते आम्हाला म्हणाले. "बाकी सगळ्या गाभण."

वहिनी खुर्चीत बसल्या आणि रडू लागल्या. रडता रडता त्या विचारत होत्या, ती एक का राहिली, तिला कोणी काही बोललं का. डॉक्टरांनी फोन त्यांच्या हातात दिला आणि ते मागच्या बागेत गेले. मीही गेलो. कुंपणापलीकडे शेजारी कात्रीने गुलाब छाटत होता. इंग्रज गृहस्थ, पंधरा वर्षांचा शेजार, संभाषण बहुतेक हवामानापुरते.

"मृणालचा फोन होता," डॉक्टर त्याला आपण होऊन म्हणाले. "आज तिकडे स्कॅन झालं. सगळं उत्तम आहे."

"अरे वा, अभिनंदन!" शेजारी म्हणाला. "तारीख कधीची दिली आहे?"

"मार्चपासून मेपर्यंत," डॉक्टर म्हणाले.

शेजाऱ्याने कात्री खाली ठेवली, थोडा विचार केला आणि चहा घेणार का, असे विचारले.